ख्रिस्तपुराण: चार ओळींच्या पलीकडचे फादर स्टीफन्स

दर वर्षी २७ फेब्रुवारी जवळ आली की ही ओवी मोबाइलवर, शाळेच्या फळ्यावर, ग्रंथालयाच्या फलकावर दिसायला लागते:

जैसी हरळांमाजी रत्नकिळा
कीं रत्नांमाजी हिरा निळा
तैसी भासांमाजी चोखळा
भासा मराठी

खड्यांमध्ये रत्नाचं तेज उठून दिसावं, रत्नांमध्ये निळा हिरा उठून दिसावा, तशी भाषांमध्ये निर्मळ भाषा मराठी. खाली नाव असतं फादर स्टीफन्स, आणि सोबत एखादं वाक्य की साता समुद्रापलीकडून आलेल्या इंग्रज माणसाला आपल्या भाषेची अशी भुरळ पडली. आपली छाती फुगते आणि विषय तिथेच मिटतो.

तो तिथे मिटू नये असं मला फार वाटतं. ही ओवी ज्या ‘ख्रिस्तपुराणा’तली आहे त्यात जवळपास अकरा हजार ओव्या आहेत. नेमका आकडा १०,९६२ असा दिला जातो. मराठीची स्तुती त्यातल्या बोटांवर मोजता येतील इतक्याच ओव्यांत आटोपते. बाकीच्या ग्रंथात काय आहे, तो कुणासाठी लिहिला गेला आणि कोणत्या दिवसांत लिहिला गेला, हे कळलं की या चार ओळींचा अर्थही बदलतो. हा ग्रंथ मराठीवर भाळलेल्या पाहुण्याने हौसेने लिहिलेला नाही. ज्यांची जुनी पुराणं हिरावून घेतली गेली होती, त्यांच्यासाठी तो लिहिला गेला. आणि लिहिणारा माणूस हिरावून घेणाऱ्यांच्या गोटातला होता. या दोन्ही गोष्टी एकदम ध्यानात ठेवल्या तरच फादर स्टीफन्स समजतात.

विल्टशरहून गोव्याला

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातल्या बुश्टन या गावी झाला. वडील व्यापारी. त्या काळच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक असणं धोक्याचं होतं. राणी एलिझाबेथच्या राज्यात प्रॉटेस्टंट पंथ हाच राजधर्म होता, आणि कॅथलिक पाद्रीला लपवणं किंवा कॅथलिक पद्धतीची उपासना करणं याला शिक्षा होती. स्टीफन्स यांचे जिवलग स्नेही थॉमस पाउंड हे याच कारणापायी आयुष्याची कितीतरी वर्षं तुरुंगात राहिले. जेझुइट धर्मगुरू एडमंड कॅम्पियन यांना तर १५८१मध्ये लंडनला फासावर चढवून त्यांच्या देहाचे तुकडे केले गेले. अशा इंग्लंडमधून निघून स्टीफन्स रोमला गेले आणि १५७५मध्ये जेझुइट संघात, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या येशूसंघात, दाखल झाले.

४ एप्रिल १५७९ला लिस्बनहून त्यांचं गलबत सुटलं आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला लागलं. सहा महिन्यांहून जास्त पाण्यावर. पोचल्यावर थोड्याच दिवसांत, १० नोव्हेंबरला, त्यांनी वडिलांना लांबलचक पत्र लिहिलं. वारे, प्रवाह, केप ऑफ गुड होपची धास्ती, समुद्रपक्षी, आणि खलाशांचा तो भयानक आजार: हिरड्या सुजून एवढ्या वाढायच्या की कापून टाकाव्या लागत, पाय फुगत. त्यांच्या गलबतावर या दुखण्यांनी २७ माणसं गेली. हे पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापलं गेलं आणि हिंदुस्थानच्या वाटेची माहिती मिळवू पाहणाऱ्यांनी ते वाचलं. भारतात येऊन स्थायिक झालेला पहिला इंग्रज म्हणून स्टीफन्स यांचं नाव घेतात. ईस्ट इंडिया कंपनी निघायला तेव्हा अजून वीस-एकवीस वर्षं होती.

पोर्तुगीज कागदपत्रांत त्यांचं नाव तोमास एस्तेवांव असं येतं. गोव्यातच त्यांना पाद्रीची दीक्षा मिळाली, आणि पुढचं जवळजवळ सगळं आयुष्य साष्टीत गेलं. १६१९मध्ये त्यांनी देह ठेवला तोही गोव्यातच. इंग्लंडला ते परत कधी गेले नाहीत.

१५८३मध्ये मात्र इंग्लंडच त्यांच्या दारात आलं. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी हे इंग्रज व्यापारी आणि त्यांचे दोन सोबती इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझला हेरगिरीच्या संशयावरून पकडले गेले आणि कैदी म्हणून गोव्याला आणले गेले. त्यांना जामिनावर सोडवण्यात स्टीफन्स यांनी खटपट केली. फिच पुढे गोव्यातून निसटला, देशभर हिंडला, आणि त्याने परत नेलेल्या माहितीचा कंपनीवाल्यांना उपयोग झाला. हे सगळं रंजक आहे, पण आपल्या विषयाला तेवढं महत्त्वाचं नाही. महत्त्वाची आहे ती साष्टी.

साष्टीत तेव्हा काय चाललं होतं

साष्टी म्हणजे दक्षिण गोव्यातला मडगावच्या भोवतालचा मुलूख. आजच्या मुरगाव तालुक्याचा भागही तेव्हा त्यातच मोडत असे. १५४३मध्ये तो पोर्तुगीजांच्या ताब्यात आला. पुढच्या पंचवीस वर्षांत तिथे जे घडलं त्याच्या खुणा गोव्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या असंख्य घरांच्या कुलदैवतांत आजही आहेत. मंगेशी मूळ कुठ्ठाळीचा, तो प्रियोळला गेला. शांतादुर्गा मूळ केळशीची, ती कवळ्याला गेली. लोकांनी देव रातोरात नदीपलीकडे नेले, कारण मागे राहिलेली देवळं पाडली जात होती. १५६०मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माच्या नावाने चालणारं न्यायासन, बसलं. १५६७च्या सुमारास तर साष्टीतली शेकडो देवळं जमीनदोस्त झाली.

स्टीफन्स आले ते या सगळ्यानंतर बारा-पंधरा वर्षांनी. त्यांनी स्वतः देऊळ पाडल्याची नोंद नाही. पण ज्या व्यवस्थेने देवळं पाडली त्याच व्यवस्थेचे ते पाद्री होते. आणि लोकांचा तिच्यावरचा राग काय असतो, तेही त्यांनी जवळून पाहिलं. १५ जुलै १५८३ला कुंकळ्ळीत नवं चर्च कुठे बांधायचं ते ठरवायला गेलेल्या पाच जेझुइटांना गावकऱ्यांनी ठार केलं. त्यांचे पुढारी होते रोडोल्फो आक्वाव्हिवा. हे काही महिन्यांपूर्वीपर्यंत फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात धर्मचर्चा करत होते. त्यांचे मृतदेह मिळवून दफन करण्याचं काम स्टीफन्स यांच्याकडे आलं. मागाहून पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना बोलणी करायची म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे त्यांची कत्तल केली.

धर्मापायी स्वतःचा देश सोडावा लागलेला माणूस इथे अशा राज्याचा पाद्री झाला, जिथे दुसऱ्यांना धर्मापायी गाव सोडावं लागत होतं. याबद्दल स्टीफन्स यांना आतून काय वाटत होतं, ते त्यांच्या लेखनातून कळत नाही. वाचणाऱ्याने मात्र ही गोष्ट डोळ्याआड करू नये.

‘आमचं पुराण कुठे आहे?’

धर्मांतर झालेल्या घरात नेमकं काय बदलत असे? नाव बदले, देव बदले, सणवार बदलत. पण आणखी एक पोकळी पडे जिचा विचार आपण करत नाही. चातुर्मासात देवळात किंवा कुणाच्या पडवीत पुराण लागे. एकजण पोथी वाची, एकजण अर्थ सांगे, बाकीचे ऐकत. करमणूक, शिकवण, शेजारपाजाऱ्यांचं एकत्र येणं, सगळं त्यात होतं. धर्म बदलल्यावर पोथी बाळगणं गुन्हा ठरला. त्या जागी आली प्रश्नोत्तरं: देव किती? एक. त्यात व्यक्ती किती? तीन. हे लहान मुलांना पाठ करायला ठीक होतं. रामायण-महाभारत ऐकत वाढलेल्या मोठ्या माणसाचं त्याने काय समाधान होणार?

ख्रिस्तपुराणाच्या सुरुवातीलाच हा प्रसंग आहे. साष्टीतल्या चर्चमध्ये पाद्री मुलांना धर्मशिक्षण देत असतो. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण ते ऐकतो आणि विनवतो. शिकवता ते चांगलं आहे, पण जुनी पुराणं तुम्ही आम्हाला वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी पुराणं का करून देत नाही? हा प्रश्न मला सगळ्या ग्रंथात सर्वांत मोलाचा वाटतो. त्यात तक्रार आहे, मागणी आहे, आणि जे गेलं त्याची हळहळही आहे. स्टीफन्स यांनी ती दडपली नाही, ग्रंथाच्या तोंडाशीच ठेवली. सगळं पुराण त्या विनवणीला दिलेलं उत्तर आहे.

ग्रंथ १६१६मध्ये साष्टीतल्या राशोल इथल्या जेझुइट कॉलेजात छापला गेला. पोर्तुगीज नाव होतं, ‘आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयी निरूपण’ अशा अर्थाचं. लोकांच्या तोंडी तो पुराणच झाला. दोन भाग आहेत. ‘पैलें पुराण’ ३६ अवस्वरांचं, अवस्वर म्हणजे अध्याय. त्यात सृष्टीची उत्पत्ती, आदम-एवा, नोहाचा जलप्रलय, मोशे आणि संदेष्टे, म्हणजे बायबलचा जुना करार. ‘दुसरें पुराण’ ५९ अवस्वरांचं. त्यात येशूचा जन्म, चमत्कार, शिकवण, क्रूसावरचं मरण आणि पुनरुत्थान. श्रोता मधेच शंका काढतो, पाद्री ती फेडतो, कथा पुढे सरकते, अगदी जनमेजय-वैशंपायनांच्या धर्तीवर. मूर्तिपूजेची निंदाही ग्रंथात आहे, आणि ती आजच्या वाचकाला टोचते. ग्रंथ ज्या काळात आणि ज्या कामासाठी लिहिला गेला, त्याचाच तो भाग आहे.

ओवी, आणि तिच्यातले शब्द

आता ग्रंथाच्या घडणीकडे जरा जवळून पाहू. पहिली ओवी अशी आहे:

ओं नमो विश्वभरिता
देवा बापा सर्वसमर्था
परमेश्वरा सत्यवंता
स्वर्गपृथ्वीचिया रचणारा

मराठी वाचकाच्या कानाला ‘ओं नमो’ ऐकल्यावर काय आठवतं ते सांगायला नको. ज्ञानेश्वरीही तशीच उघडते. पण या ओवीतला मजकूर पाहा: देव जो बाप, सर्वसमर्थ, स्वर्ग आणि पृथ्वी रचणारा. कॅथलिक श्रद्धेच्या कबुलीचं पहिलं वाक्य नेमकं हेच सांगतं. ख्रिस्ती धर्माचं मूळ सूत्र त्यांनी मराठी मंगलाचरणात बसवलंय, आणि कुठेही शिवण दिसत नाही.

ओवीचा साचा सोपा असतो. तीन चरण एका यमकाचे आणि चौथा आखूड, यमक सोडणारा. लेखाच्या सुरुवातीच्या ओवीत रत्नकिळा, निळा, चोखळा असे तीन चरण येतात आणि ‘भासा मराठी’वर ओवी टेकते. अक्षरांचं बंधन सैल असल्यामुळे कथा सांगायला ती फार सोयीची. म्हणून ज्ञानेश्वरांनी तेराव्या शतकात ती वापरली, एकनाथांनी सोळाव्यात वापरली. एकनाथ तर स्टीफन्स यांचे समकालीनच. स्टीफन्स गोव्यात कोकणी-मराठी गिरवत होते त्याच सुमारास, १५८४मध्ये, एकनाथांनी पैठणला ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली.

मराठीची स्तुती हीदेखील याच परंपरेतली आहे. ग्रंथाच्या आरंभी आपल्या भाषेचा अभिमान सांगायचा, ही मराठी कवींची रीतच. ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें, परि अमृतातेंही पैजां जिंके’ असं ज्ञानेश्वर म्हणतात. स्टीफन्स हीच रीत पाळतात. तेव्हा ती ओवी म्हणजे परक्याने दिलेलं प्रशस्तिपत्र असं समजण्यात गफलत होते. मराठी कवीने जे करायचं ते त्यांनी केलं. मला यात त्यांचा मोठेपणा जास्त दिसतो.

ही रीत त्यांना कुठून कळली? जेझुइटांनी जुन्या पोथ्या मिळवल्या होत्या, काही तर पंडितांच्या घरातून उचलून आणल्या होत्या. रामायण-महाभारतातल्या कथांची कोकणी आणि मराठीतली हस्तलिखितं रोमन लिपीत उतरवून घेतली गेली. त्यातली काही आज पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत. ज्या पोथ्या लोकांना वाचायला बंदी होती त्या पाद्री अभ्यासाला वापरत होते. ख्रिस्तपुराणाचा डौल त्या अभ्यासातून आलेला आहे.

भाषा निवडतानाही स्टीफन्स यांनी नेटका विचार केला होता. ग्रंथाला त्यांनी मराठी गद्यात छोटी प्रस्तावना जोडली. तिच्यात ते सांगतात की या देशीच्या भाषांमध्ये परमेश्वराच्या गोष्टी सांगायला मराठी योग्य वाटली, पण शुद्ध मराठी ‘मधिमा लोकांसि नकळे’, म्हणजे सामान्य माणसांना ती समजत नाही. म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाकून, ठिकठिकाणी ‘ब्राह्मणांच्या भाषेतले’ सोपे शब्द मिसळून कवित्व सोपं केलं. ब्राह्मणांची भाषा म्हणजे इथे कोकणी. पुराण-पोथीची भाषा मराठी आणि घरची बोली कोकणी, असा गोव्याचा शिरस्ता होता. स्टीफन्स यांनी प्रतिष्ठेसाठी मराठी ठेवली आणि समजण्यासाठी कोकणी घेतली.

आणि धर्माच्या खास संज्ञा? इथे त्यांना सर्वांत जास्त सांभाळून पावलं टाकावी लागली. स्वर्गासाठी ते खुशाल ‘वैकुंठ’ म्हणतात. ऐकणाऱ्याला लगेच उमजे. वैकुंठासोबत विष्णूही मनात येईल, हा धोका त्यांनी पत्करला. पण क्रूस, बाप्तिस्मा, ‘स्पिरितु सांतु’ म्हणजे पवित्र आत्मा, हे शब्द त्यांनी पोर्तुगीज-लॅटिनमधून जसेच्या तसे ठेवले. त्रैक्यासाठी, म्हणजे एकाच देवातल्या तीन व्यक्तींसाठी, ‘त्रिमूर्ती’ म्हटलं असतं तर ऐकणारा ब्रह्मा-विष्णू-महेशांकडे गेला असता. म्हणजे जिथे अर्थ थोडा इकडेतिकडे झाला तर चालेल तिथे देशी शब्द, जिथे अर्थ ढळला तर सिद्धान्तच ढळेल तिथे परका शब्द. भाषांतर करणाऱ्याला आजही हाच निवाडा करावा लागतो.

मराठी भाषा, रोमन अक्षरं

मराठी ग्रंथ रोमन लिपीत का छापला, हा प्रश्न साहजिक आहे. गोव्यात छापखाना १५५६मध्ये आला, भारतातला पहिला. खरं तर तो अबिसीनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, चालला होता, तो इथेच राहिला. पण खिळे होते रोमन अक्षरांचे. नागरी, म्हणजे देवनागरी, अक्षरांचे खिळे पाडायचे तर प्रत्येक व्यंजन, काना-मात्रा, जोडाक्षर वेगळं घडवावं लागणार. स्टीफन्स यांची मनापासून इच्छा होती की पुस्तकं इथल्याच लिपीत निघावीत. १६०८मध्ये त्यांनी रोमला संघाच्या प्रमुखांना, क्लाउदिओ आक्वाव्हिवांना, पत्र लिहून हे मांडलं. मलबारात तिथल्या लिपीत पुस्तकं छापली गेली आहेत आणि त्यांचा फायदा झालाय. आमच्याकडे अडचण ही की युरोपात दोन डझन अक्षरांवर भागतं, इथे सहाशेच्या घरात साचे लागतील. (हे प्रमुख म्हणजे कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या रोडोल्फोंचे चुलते.) खिळे काही झाले नाहीत. आठ वर्षांनी पुराण रोमन अक्षरांतच निघालं.

मग त्यांनी रोमन लिपीलाच वळण लावलं. ‘त’ आणि ‘ट’, ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’ यांतला फरक रोमन अक्षरांत दिसत नाही. त्यांनी टाळूला जीभ लागून होणाऱ्या उच्चारांसाठी अक्षर दोनदा लिहायची पद्धत वापरली. ‘पुराण’ शब्दात एन दोनदा, ‘हरळ’मध्ये एल दोनदा. गोव्यातले ख्रिस्ती आज रोमन लिपीत कोकणी लिहितात, त्यांच्या वर्तमानपत्रांत आणि तियात्रांच्या, म्हणजे कोकणी नाटकांच्या, जाहिरातींत ही जोड अक्षरं तशीच दिसतात. चारशे वर्षं टिकलेली ही लेखनपद्धत म्हणजे पुराणाइतकाच मोठा वारसा आहे, पण तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

स्टीफन्स यांची दुसरी दोन पुस्तकं कोकणीसाठी होती, आणि दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर राशोललाच छापली गेली. ‘दोत्रिना क्रिस्तां’ १६२२मध्ये, गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांचं. आणि ‘आर्ते द लिंग्वा कानारीं’ १६४०मध्ये, दिओगो रिबेरो यांनी भर घालून तयार केलेलं कोकणीचं व्याकरण. भारतीय भाषेचं छापून आलेलं हे पहिलं व्याकरण मानतात. नावातल्या ‘कानारीं’मुळे कानडीचा घोळ होतो. पोर्तुगीज तेव्हा कोकणीलाच ते नाव देत.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. १५८३मध्ये पॅरिसला असलेल्या भावाला लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स म्हणतात की इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनशी नातं सांगणारी आहे. कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका मुळाच्या असाव्यात असं जाहीर भाषणात मांडलं ते १७८६मध्ये. स्टीफन्स यांनी त्यावरून सिद्धान्त उभा केला नाही, म्हणून पहिलेपणाचा मान त्यांना देणं जास्तच होईल. पण जेमतेम चार वर्षं इथे राहिलेल्या माणसाच्या कानाला एवढं जाणवलं होतं.

पुराणाचं पुढे काय झालं

१६४९ आणि १६५४मध्ये ग्रंथ पुन्हा छापला गेला. चर्चमध्ये धर्मशिक्षणानंतर तो वाचला जाई, गायला जाई. त्याच वाटेने फ्रेंच जेझुइट एत्येन द ला क्रुआ यांनी संत पेद्रूवर मराठीत पुराण रचलं. वाटलं असतं की गोव्यात ख्रिस्ती मराठी काव्याची एक शाखाच फुटणार. मग वारं फिरलं. १६८४मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत स्थानिक बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. आरंभीच्या पाद्रींना वाटे की धर्म लोकांच्या भाषेत पोचवावा. पुढच्या सत्ताधाऱ्यांना लोकांची भाषाच अडचण वाटू लागली. गोव्यात पुराण परत छापलं गेलं नाही. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत हाती लागलेली नाही.

ते जगलं ते हस्तलिखितांत आणि गळ्यांत. इन्क्विझिशन, दुष्काळ, लढाया यांमुळे गोव्यातली अनेक ख्रिस्ती कुटुंबं दक्षिणेला कानडा मुलखात गेली. त्यांनी पुराण सोबत नेलं. १७८४मध्ये टिपू सुलतानाने मंगळूरकडच्या हजारो ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला कैदेत नेलं, तेव्हा पुराणाच्या ओव्या त्यांना आधार झाल्या, अशी आठवण त्या समाजात सांगतात. मंगळूरच्याच जोसेफ सालढाणा यांनी निरनिराळी रोमन हस्तलिखितं जमवून, ताडून १९०७मध्ये ग्रंथ छापला. म्हणजे २५३ वर्षांनी, आणि तोही महाराष्ट्र-गोव्याबाहेर, जिथे घराघरात मराठी नव्हती तिथे. मराठी वाचकांवर या माणसाचे केवढे उपकार आहेत!

काही वर्षांनी लंडनमध्ये आणखी एक धागा सापडला. विल्यम मार्सडेन नावाच्या विद्वानाच्या संग्रहातून आलेलं एक हस्तलिखित तिथल्या प्राच्यविद्येच्या संस्थेत होतं. अमेरिकन मिशनरी जस्टिन अ‍ॅबट, ज्यांनी मराठी संतांची चरित्रं इंग्रजीत नेली, त्यांनी १९२०च्या दशकात ओळखलं की हे ख्रिस्तपुराणच आहे, आणि नागरी लिपीत. त्यात पोर्तुगीज शब्दांच्या जागी बऱ्याच ठिकाणी संस्कृत शब्द आहेत. स्टीफन्स यांनी मुळात नागरीत लिहिलं आणि छापताना रोमन केलं, की छापील ग्रंथ नंतर कुणी नागरीत आणून संस्कृतप्रचुर केला? अ‍ॅबट पहिल्या बाजूचे होते, पुढच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या. १६०८चं ते पत्र पाहता स्टीफन्स यांना नागरीची ओढ होती हे नक्की, पण तेवढ्यावरून हे हस्तलिखित त्यांचंच ठरत नाही.

मराठी ख्रिस्ती साहित्य म्हटलं की बाबा पद्मनजींचं ‘यमुनापर्यटन’, रेव्हरंड टिळकांचं ‘ख्रिस्तायन’, लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ही नावं येतात, आणि अलीकडच्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. या सगळ्यांना स्टीफन्स यांचे वारस म्हणायची पद्धत पडली आहे. मला ते पटत नाही. पद्मनजी लिहीत होते तेव्हा ख्रिस्तपुराण घाटावरच्या वाचकांपुढे नव्हतंच. ते लेखन एकोणिसाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट मिशनांच्या शाळा-छापखान्यांतून वर आलं. मधली अडीचशे वर्षं तुटलेली आहेत, कारण ती तोडली गेली. स्टीफन्स यांचा सरळ वारसा शोधायचा तर तो गोव्याच्या आणि मंगळूरच्या कोकणी चर्चमध्ये, त्या जोड अक्षरांच्या लिपीत, आणि गोव्यात पर्वरीला त्यांच्या नावाने चालणाऱ्या कोकणी संशोधन केंद्रात सापडेल. मराठीवाले त्यांना मराठीचा कवी म्हणतात, कोकणीवाले कोकणीचा पहिला व्याकरणकार. दोघांचंही बरोबर आहे. गोव्यात भाषेवरून जे वाद झाले त्यांत त्यांना एकाच बाजूला ओढण्याचे प्रयत्नही झाले. पण त्यांच्या प्रस्तावनेत दोन्ही भाषा शेजारी नांदताना दिसतात.

ग्रंथ वाचायची इच्छा असेल तर आज ते अवघड राहिलेलं नाही. शांताराम बंडेलू यांनी १९५६मध्ये तो नागरीत आणला, ती प्रत जुन्या ग्रंथालयांत मिळून जाते. १९९६मध्ये कारिदाद द्रागो यांची आवृत्ती निघाली. २००९मध्ये फादर नेल्सन फाल्काव यांनी काढलेल्या आवृत्तीत आजच्या मराठीतला गद्य अनुवादही आहे, तेव्हा नव्या वाचकाला तीच सोयीची. मात्र भाषास्तुतीच्या पानावर थेट उडी मारू नका. आधी ती गद्य प्रस्तावना वाचा, मग पहिल्या अवस्वरात पाद्रीला पुराण मागणारा तो ब्राह्मण गाठा, आणि तिथून दुसऱ्या पुराणात येशूच्या जन्माकडे जा. ‘मयोरू’, ‘कल्पतरू’, ‘मराठियेसी’ असली रूपं सुरुवातीला अडतील. दोन-तीन अवस्वर मोठ्याने वाचल्यावर जीभ सरावते.